नाणेघाटातला हिशोब

नाणेघाट म्हटलं की हल्ली बहुतेकांना उलटा धबधबा आठवतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटतो, त्याला वर सरकण्याशिवाय दुसरा रस्ता नसतो, आणि खाली पडू पाहणारं पाणी तो परत वर फेकतो. दृश्य भन्नाट आहे, वादच नाही. शनिवार-रविवारी घाटघरच्या पठारावर गाड्यांची रांग लागते, लोक कड्याच्या टोकाशी भिजतात, मोबाईल पिशवीत घालून शूटिंग करतात, गरम भजी खातात आणि परत जातात. आणि तिथून दगडी वाटेनं खिंडीतून जरा खाली उतरलं की एक गुहा आहे, तिच्यात डोकावतात ते मोजकेच. जे डोकावतात त्यातलेही बरेच जण पाऊस चुकवायला आत आलेले असतात.

खरं तर ती गुहा त्यासाठीच आहे! तिन्ही बाजूंना भिंतीला लागून दगडी बाक कोरलेले आहेत. घाट चढून दमलेल्या माणसानं टेकावं म्हणून. तेव्हा पाऊस चुकवायला आत शिरणारे परंपरा चालवतायत म्हणायचं. फक्त बसल्यावर मान वळवून भिंतीकडे बघायला हवं. डाव्या हाताच्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या हाताच्या भिंतीवर दहा ओळी. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. काळ साधारण इसवीसनापूर्वीचं पहिलं शतक, काही जण आणखी शंभर वर्षं मागे नेतात. महाराष्ट्रावर राज्य करणारं पहिलं मोठं घराणं म्हणजे सातवाहन, आणि त्यांचा हा सगळ्यात महत्त्वाचा लेख.

आधी ही वाट इथं का, ते बघू. प्राचीन काळी सोपारा आणि कल्याण ही पश्चिम किनाऱ्यावरची मोठी बंदरं. (होय, तेच नालासोपारा, जिथं उतरायला विरार लोकलमध्ये अंधेरीपासून दाराशी यावं लागतं.) तिथं उतरलेला माल देशावर न्यायचा तर मध्ये सह्याद्रीची भिंत. तिच्यातून चढायच्या ज्या थोड्या सोयीच्या जागा आहेत त्यातली ही एक. वर चढलं की जुन्नर, मग पुढे पैठण, तिथून तेर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' म्हणून एक पुस्तक आहे, समुद्री व्यापाराची गाईडबुकच म्हणा ना. त्यात कल्याण, पैठण आणि तेर तिन्ही नावं येतात. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड बंदराकडे जायचं, असं तो लिहितो.

म्हणजे आज आपण जिथं सेल्फी काढतो तो दोन हजार वर्षांपूर्वीचा एक्सप्रेसवे होता. आणि एक्सप्रेसवे म्हटलं की टोल आलाच. खिंड ओलांडून पठारावर आलं की एक मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकायचे, म्हणून नाणेघाट, असं गावात कुणीही सांगतं. गोष्ट मलाही आवडते. पण लेखात जकातीचा किंवा रांजणाचा उल्लेख नाही, आणि तो रांजण पाण्यासाठी नव्हता असं छातीठोकपणे म्हणायला काही आधार नाही. इथं जकात घेत असणार हे मात्र सहज पटतं. इतकी चिंचोळी खिंड आणि इतका माल, कुठला राजा सोडेल? आजूबाजूला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले उगाच नाही उभे राहिले.

आता भिंतीवर काय आहे ते. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन. मग एका राणीचं वर्णन. ती एका महारठीची मुलगी, राजाची पत्नी, वेदिसिरी नावाच्या राजपुत्राची आई. महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखं जगणारी. हे वर्णन वाचून बहुतेक अभ्यासक म्हणतात की ती तेव्हा विधवा असावी आणि मुलगा लहान असल्यानं कारभार बघत असावी. आणि मग येते यादी. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, असे एकामागून एक यज्ञ आणि प्रत्येकापुढे दक्षिणेचा आकडा.

इथं माझ्यासारख्या माणसाचे कान टवकारतात. कारण हा स्तुतिपाठ नाहीये, हे स्टेटमेंट आहे. यज्ञाचं नाव, कशाच्या रूपात दिलं, किती दिलं. यज्ञाचं नाव, कशाच्या रूपात, किती. गायी १७००, हत्ती १०. गायी ११,०००, घोडे १०००. कुठे एक चांगलं गाव. कार्षापण २४,४००. लेख मध्ये मध्ये फुटलाय, ओळींचे तुकडे गेलेत, पण रचना इतकी ठरीव आहे की तुटलेल्या जागीही कुठला रकाना होता याचा अंदाज येतो.

आणि भाषा? प्राकृत म्हटल्यावर घाबरायचं काही कारण नाही. हत्तीला 'हथी', दक्षिणेला 'दखिना', गायींना 'गावो'. डाव्या भिंतीवर अग्न्याधेय यज्ञाच्या दक्षिणेत एक नोंद आहे, 'गावो बारस' आणि पुढे अंकात १२. आधी अक्षरी, मग अंकी. चेकवर आपण 'अक्षरी रुपये' लिहितो ना, तसं! आणि हा 'बारस' म्हणजे आपला बारा हे सांगायला पंडित लागत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या मागणीत नाणेघाटच्या लेखाचा दाखला वारंवार दिला गेला होता. 'महारठी' या शब्दावर तेव्हा बराच जोर होता. मला विचाराल तर 'महारठी'पेक्षा 'बारस' जास्त बोलका आहे. महारठी ही एक पदवी, तिचा आणि महाराष्ट्राचा संबंध नेमका कसा यावर वाद घालता येतो. बारस बाजारातला शब्द आहे.

आणखी एक गंमत. १००१ गायी, १०,००१ गायी, ६००१ कार्षापण असे आकडे यादीत भेटतात. लग्नात पाकिटावर वरचा एक रुपया चिकटवायची आपली सवय किती जुनी असेल याचा विचार करा.

२४,४०० कार्षापण म्हणजे किती, याचा मी कागदावर हिशोब करून बघितला. चांदीचा बत्तीस रत्तींचा कार्षापण धरला तर एकाचं वजन साधारण ३.४ ग्रॅम. एकूण झाली सुमारे ८३ किलो चांदी. एका नोंदीत! आता असे आकडे राजेरजवाडे फुगवून लिहितात हे मान्य. पण फुगवायचं तर सरळ पंचवीस हजार लिहावं की. हे वरचे चारशे मला खरे वाटतात. अर्थात हा पुरावा नव्हे, हा हिशोब लिहिणाऱ्यांबद्दलचा माझा पूर्वग्रह आहे.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे हे आकडे लिहिलेत कसे. २४,४०० लिहायला आपल्याला पाच अंक लागतात. नाणेघाटात तीन चिन्हं पुरली. वीस हजाराचं एक, चार हजाराचं एक, चारशेचं एक. कारण त्या पद्धतीत शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. आपल्याकडे ४ हा अंक कुठल्या घरात बसलाय त्यावरून चार, चाळीस की चारशे ते ठरतं. तिथं शंभरासाठी वेगळं चिन्ह, आणि त्याच्या अंगाला चारचं चिन्ह जोडलं की चारशे. हजाराचं चिन्ह साधारण इंग्रजी टी अक्षरासारखं, त्याला चार जोडलं की चार हजार, वीस जोडलं की वीस हजार. सतरा लिहायचे तर दहाचं चिन्ह आणि शेजारी सातचं. वाचणाऱ्यानं बेरीज करायची. रोमन आकड्यांपेक्षा पुष्कळ आटोपशीर, पण गुणाकार करायला घेतला तर घाम फुटेल. हिशोब करायचे ते बोटांवर किंवा खड्यांवर करत असणार, भिंतीवर फक्त उत्तर.

एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. आता या दोन रेघा हात न उचलता भरभर लिहून बघा. वरची रेघ ओढून झाली की पेन खाली घसरतं आणि दुसरी रेघ ओढली जाते. झाला की आपला २! इंग्रजीतला दोनही तसाच. चिन्हं हीच पुढे घासून घासून बदलत गेली, त्यांना शून्य आणि स्थानमूल्य येऊन मिळालं. आपल्या देशात शून्याचं चिन्ह असलेला, नक्की साल माहीत असलेला प्रसिद्ध शिलालेख ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात आहे, इसवीसन ८७६ चा. तिथं २७० हा आकडा आज कुणीही वाचू शकेल असा लिहिलाय. मग अरबांमार्फत हे अंक पश्चिमेला गेले, १२०२ साली फिबोनाचीनं त्यावर युरोपात पुस्तक लिहिलं, आणि फिरून ते माझ्या कीबोर्डच्या वरच्या ओळीत येऊन बसले. इतके वेगवेगळे अंक एकाच ठिकाणी वापरलेला नाणेघाटाइतका जुना लेख दुसरा दाखवणं कठीण आहे. अशोकाच्या लेखांत अंक सापडतात, पण इकडे तिकडे थोडेसे. इथं एकपासून वीस हजारांपर्यंत डझन-दीड डझन वेगवेगळी चिन्हं एकाच कागदपत्रात आहेत. डेटासेटच म्हणा.

हा डेटासेट आधुनिक जगाला पहिल्यांदा दिसला १८२८ मध्ये. विल्यम साइक्स नावाचा लष्करी अधिकारी, मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. (पक्ष्यांची आवड असलेल्यांना 'साइक्सचा चंडोल' माहीत असेल, तोच हा साइक्स.) त्यानं लेखाची नक्कल केली, पण वाचणार कोण? ब्राह्मी लिपी तेव्हा कुणालाच येत नव्हती. ती जेम्स प्रिन्सेपनं उलगडली १८३७ च्या सुमारास. त्यानंतरही आकडे कुणाला धड लागत नव्हते.

ते लावले भगवानलाल इंद्रजींनी. हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही हे मला कळत नाही. १८३९ मध्ये जुनागढला जन्म. गावाशेजारी गिरनारचा अशोकाचा लेख, तो बघत बघत पोरवयातच ब्राह्मी शिकले. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासाठी भगवानलाल देशभर, अगदी नेपाळपर्यंत, लेखांचे ठसे घेत फिरले. इंग्रजी यथातथाच. ते गुजरातीत लिहायचे आणि ब्यूलरसारखा मोठा विद्वान ते इंग्रजीत आणायचा. हॉलंडच्या लायडन विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. १८७६ साली त्यांचा नाणेघाटातल्या अंकांवरचा निबंध आला आणि कुठलं चिन्ह कितीचं ते बऱ्याच अंशी पक्कं झालं.

शाळा-कॉलेजातून इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही, इंग्रजी नाही, आणि गुहेत कंदील धरून तासन्‌तास रेघा बघत बसायचं. आमच्या क्षेत्रात ज्याला डॉक्युमेंटेशन नसलेला जुना कोड वाचणं म्हणतात तसंच हे. फरक इतकाच की आम्ही वैतागलो तर लिहिणाऱ्याला शिव्या देतो आणि नव्यानं लिहून टाकतो. भगवानलालना ती सोय नव्हती.

याच माणसानं १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक, ब्राँझच्या आठ छोट्या बुद्धमूर्ती, आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं. त्या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. म्हणजे घाटाच्या वरच्या टोकाचे आकडे आणि खालच्या टोकाचं बंदर, दोन्हींवर याच एका माणसाचा हात फिरलेला.

परत गुहेत येऊ, कारण राणीचं नाव सांगायचं राहिलं. ते मुद्दाम ठेवलं होतं. सगळीकडे हा 'नागनिकेचा लेख' म्हणून ओळखला जातो. पण गंमत अशी की वीस ओळींच्या मुख्य लेखात तिचं नाव आज वाचता येत नाही. मग कळलं कुठून? समोरच्या, म्हणजे मागच्या भिंतीवरून. तिथं आठ पुतळे कोरलेले होते आणि प्रत्येकाच्या वर नाव होतं. घराण्याचा संस्थापक राजा सिमुक, मग देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, मग राजपुत्र, महारठी त्रणकयिर, पुन्हा राजपुत्र. घराण्याचा फॅमिली फोटोच! पुतळे कधीच नष्ट झालेत, आता नुसत्या खुणा आहेत. डोक्यावरची नावं राहिली. ही 'नायनिका' म्हणजेच डावी-उजवीकडच्या लेखातली राणी असा मेळ अभ्यासकांनी घातला, आणि तो बहुतेकांना मान्य आहे.

आणि सातकर्णी-नायनिका हे नाव एकत्र आहे, त्यात नायनिकेचं आधी. याचा फार अर्थ काढू नये असं काही जण म्हणतात. मी काढतो. नवरा गेल्यावर, मुलं लहान असताना, तिला हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं ते देवळात नाही, राजधानीत नाही. राज्यातल्या सगळ्यात वर्दळीच्या रस्त्यावर, जिथं कोकणातून चढून आलेला प्रत्येक व्यापारी धापा टाकत बसणार, तिथं. समोर सासऱ्याचं घराणं, त्यातच महारठीही, आणि दोन्ही बाजूंना आकडे. या घराण्याकडे किती पैसा आहे आणि अजून कोण सांभाळतंय, हे बंदरापर्यंत पोचवायचं असेल तर याहून चांगली जागा नाही. यज्ञ तिनं स्वतः केले की नवऱ्याबरोबर, यावर मतभेद आहेत. हिशोब तिनं मांडला याबद्दल फारसे नाहीत.

घाट पुढे सातवाहनांच्या हातून गेलाही. पेरिप्लसच्या काळात कल्याण बंदरात ग्रीक जहाज चुकून आलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत, असं त्यातच लिहिलंय. व्यापाराची नाकेबंदी होती ती. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख तर थेट जुन्नरच्या मानमोडी डोंगरात आहे. मग गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथं तेरा हजारांवर नाणी सापडली, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला. नवी नाणी पाडायचीसुद्धा तसदी नाही घेतली. जुन्याच डेटावर ओव्हरराईट.

जायचं असेल तर दोन वाटा. मुंबईकरांनी कल्याण-मुरबाडमार्गे वैशाखऱ्याजवळून चढावं. दोन-तीन तास लागतात, पण वाटेत दगडात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी भेटतात आणि व्यापाऱ्यांची तंगडतोड पायांना कळते. पुणेकरांना गाडी पठारापर्यंत नेता येते, नारायणगाव, जुन्नर, मग चावंडच्या पायथ्यावरून घाटघर. या रस्त्याने गेलात तर पूर गावी थांबा, कुकडी नदीच्या उगमाशी कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, शिल्पांनी भरलेलं आणि बहुतेक वेळा निर्मनुष्य. शिवनेरी २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे तिथं गर्दी वाढणार. पण जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी खोदलेली आहेत, आणि लेण्याद्रीचा गणपती सोडला तर बाकीच्या ठिकाणी चिटपाखरू नसतं. तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे, बारा खांबांचं, ते चुकवू नका. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांत तीन यवन आहेत, एकानं पाण्याची टाकी दिली, एकानं भोजनमंडप. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणीही आहे. लेणी व्यापारी वाटांना धरून आहेत हे दामोदर कोसंबींनी पायी फिरून दाखवलं. तेही मूळचे गणितज्ञ, जुनी नाणी एकेक करून तोलत बसणारे. या विषयाला आमच्यासारखी माणसं चिकटतात खरी.

नाणेघाटाला पावसात जायचं तर पहाटे पोचा. नऊनंतर जत्रा असते. शक्य असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात जा, धबधबा नसेल पण गुहा तुमच्या एकट्याची असेल. टॉर्च न्या आणि तो भिंतीवर समोरून मारू नका, बाजूनं तिरपा धरा. मग रेघांत सावली पडते आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून अक्षरं वर येतात. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून त्यात खडू घासणारे महाभाग असतात, तसलं काही करू नका, आणि पाण्याची बाटलीही ओतू नका. दगड आधीच झिरपतोय, ओळी तुटायचं थांबलेलं नाही. 'बारस'च्या शेजारचा १२ शोधायचा असेल तर तो डाव्या भिंतीवर आहे. आधी दहाचं चिन्ह, ग्रीक अल्फासारखं, आणि मग दोन आडव्या रेघा.